‘मुंबई–लंडन नऊ तास’ एवढेच छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला, की पुरवण्यांतून परदेश प्रवासाचे तक्ते येऊ लागतात. शहराचे नाव, मुंबईपासूनचे अंतर, विमानाला लागणारा वेळ. लंडन ७,२०० किमी, नऊ तास. न्यूयॉर्क १२,५०० किमी, पंधरा तास. हे आकडे खोटे नसतात. पण त्यांच्या भरवशावर माणसे विमानतळावर न्यायला येणारी गाडी ठरवतात, पुढच्या विमानाचे तिकीट काढतात, औषधांच्या वेळा मांडतात, आणि मग सगळे चुकत जाते. मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच एकटे निघालेले सत्तरीतले आईवडील असा तक्ता कापून पाकिटात ठेवतात. त्यांच्यासाठी हे पत्र जरा लांबवत आहोत.

आधी अंतराचे पाहू. ७,२०० किमी हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, मुंबईवर आणि लंडनवर टाचणी टोचावी आणि मध्ये दोरा ताणून धरावा. ती ही रेषा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ निराळी आणि जास्त लांब असते. मुंबई–लंडनच्या बाबतीत दोन्हींत दोनशे किलोमीटरच्या आसपास फरक पडतो, मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत मात्र तो सुमारे १,७०० किमी होतो. नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते, त्यामुळे विमान अरबस्तान, आफ्रिका करत जात असेल असा समज होतो. दोरा ताणला तर तो मुंबईहून उत्तरेकडे झुकत निघतो, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वे असा चढत आइसलँडच्या पूर्वेला ६५ अंश अक्षांशाजवळ पोचतो आणि तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरतो.

मुंबई–लंडनचा दोरा कच्छवरून बलुचिस्तानात शिरतो. पुढे पूर्व इराण, आर्मेनिया आणि जॉर्जियाचा परिसर, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी. ही नावे नुसती वाचली तरी अडचण कळते. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ रोजी नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, भारतानेही आठवडाभरात तसेच उत्तर दिले, आणि पुढे ही मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानवरून जाता येत नव्हते. म्हणजे तक्त्यातले ७,२०० किमी ज्या वाटेचे आहेत, ती वाट विमानाला मिळेलच असे नाही.

इथे एक गोष्ट प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. बंदी बऱ्याचदा विमान कोणत्या देशाच्या कंपनीचे आहे यावर ठरते. पाकिस्तानची ती बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांपुरती होती. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला ती लागू नव्हती. उलट रशियाचे आकाश २०२२ पासून ब्रिटन, युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्या विमानांना बंद झाले, भारतीय विमानांना ते खुले राहिले. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांची विमाने वेगळ्या वाटांनी जातात आणि वेगळा वेळ घेतात. मुंबई–न्यूयॉर्कवर हे फार जाणवते, कारण तिथला दोरा रशियावरून बराच लांब जातो. तक्त्यात कंपनीचा उल्लेख नसेल तर वेळेच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पाकिस्तान बंद असल्याचा फटका दिल्लीला जास्त, मुंबईला कमी बसतो. मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जाते. तिथून आखात, इराक, तुर्कस्तान, काळा समुद्र, रुमानिया, हंगेरी, जर्मनी अशी वाट धरली तर दोन-तीनशे किलोमीटरच वाढतात. पण जून २०२५ मध्ये झाले तसे इराण आणि इराकही बंद झाले, तर सौदी अरेबिया, इजिप्त, ग्रीस असा वळसा पडतो आणि अंतर मूळ आकड्यापेक्षा सुमारे सहाशे किलोमीटरने वाढते. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी दक्षिणेकडे समुद्रापर्यंत उतरावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. एप्रिल २०२५ च्या अखेरीस दिल्ली आणि उत्तर अमेरिका यांच्यामधल्या काही विमानांना व्हिएन्ना आणि कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबावे लागले, ते यामुळेच.

जास्त इंधन भरून का नेत नाहीत, हा प्रश्न यावर नेहमी येतो. दोन इंजिनांचे मोठे विमान तासाला पाच टनांच्या आसपास इंधन जाळते, काही विमाने याहून बरेच जास्त. तासभराचे इंधन जास्त घेतले की ते पाच टन वजन संपूर्ण वाटभर वाहावे लागते आणि वाहण्यासाठी पुन्हा इंधन लागते. शिवाय उड्डाणाच्या कमाल वजनाची मर्यादा ओलांडता येत नाही. मग माल उतरवला जातो, काही आसने रिकामी ठेवली जातात, नाहीतर वाटेत थांबा घेतला जातो. थांबा घेतला तर उतरणे, इंधन भरणे, पुन्हा उड्डाण यात दोन तास जातात. वैमानिकांच्या ड्युटीची मर्यादा संपत असेल तर तिथे दुसरी तुकडी लागते आणि वेळ आणखी वाढतो.

आता वारा. खरे तर जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेतल्या फरकात सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद, जोरदार पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो बळावतो आणि त्याच्या मध्यभागी ताशी दोनशे किलोमीटरचा वारा असणे नवलाचे नाही. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. विमानाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किमी असतो. जमिनीच्या हिशेबात तो वाऱ्यानुसार कमी-जास्त होतो.

हिशेब करून पाहू. प्रत्यक्ष वाट ७,५०० किमी धरू. वारा अजिबात नसेल तर ८ तास २० मिनिटे. वाटभर सरासरी ताशी ६० किमीचा समोरचा वारा असेल तर वेग ८४० उरतो आणि ८ तास ५६ मिनिटे लागतात. तेवढाच वारा मागून असेल तर ९६० च्या वेगाने ७ तास ४९ मिनिटे. जाताना ३६ मिनिटे गेली, येताना ३१ च मिळाली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, म्हणून जाण्यायेण्याची वजाबाकी कधीच शून्य होत नाही. या वेळेत अजून जमिनीवरचे काहीही आलेले नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची पंधरा-वीस मिनिटे. मुंबईत गेटपासून मागे ढकलल्यावर धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेत थांबायला पंधरा-वीस मिनिटे. लंडनला हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, त्याची दहा मिनिटे, आणि उतरल्यावर गेटपर्यंत दहा. मिळून जाताना पावणेदहा ते दहा तास आणि येताना पावणेनऊ तासांच्या आसपास. म्हणजे ‘नऊ तास’ हा आकडा जाणाऱ्याला कमी आणि येणाऱ्याला जरा जास्त सांगतो.

लांबची वाट लवकर संपू शकते, याचे सर्वांत चांगले उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किमीने लांबली, १५,३०० किमी झाली. पण पूर्वेकडे जाताना वारा मागून मिळाला आणि विमान साडेचौदा तासांत पोचले. जुन्या वाटेपेक्षा हे जवळजवळ दोन तास कमी. अंतर भागिले वेग एवढ्यावर कोणाचाही विश्वास बसू नये, यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे. जवळच्या प्रवासातही हाच भागाकार फसतो. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किमी, ९०० ने भागले तर सव्वा तास येतो. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास असतात आणि ते बरोबरच आहे.

वेळापत्रकातल्या या वेळेला विमान कंपन्यांत ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. चाकांना लावलेल्या अडण्या निघून विमान गेटवरून हलते तिथपासून ते दुसऱ्या गेटवर पुन्हा अडण्या लागेपर्यंतचा हा वेळ. हवेतला वेळ त्याहून अर्ध्या तासाने तरी कमी असतो. वैमानिक ध्वनिक्षेपकावरून ‘आपला उड्डाणाचा वेळ नऊ तास दहा मिनिटे’ असे सांगतो, तो हवेतला. तिकिटावरचा ब्लॉक टाइम. दोन्ही बरोबर असतात, फक्त मोजायची सुरुवात वेगळी. वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्याच वाटेचा हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला ब्लॉक टाइम वेगळा असू शकतो.

मुंबईत येणाऱ्या विमानांबद्दल एक जास्तीची सूचना. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी आणि पावसाळ्यात विमानाला वर थांबावे लागते. मागचा वारा मिळून विमान वीस मिनिटे आधी मुंबईच्या आकाशात आले, तरी ती वीस मिनिटे घिरट्यांत जाऊ शकतात.

सगळ्यात जास्त चुका मात्र होतात घड्याळाच्या वजाबाकीत. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची. समजा, जुलैमध्ये मुंबईहून दुपारी १३.१५ ला निघून लंडनला १८.४५ ला पोचायचे आहे. वजाबाकी साडेपाच तास. त्यात साडेचार तासांचा फरक मिळवला की खरा वेळ दहा तास. परतताना २०.३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी ९.३५. वजाबाकी १३ तास ५ मिनिटे. त्यातून साडेचार वजा, म्हणजे ८ तास ३५ मिनिटे. पश्चिमेकडे जाताना फरक मिळवायचा, पूर्वेकडे येताना वजा करायचा. ज्यांना हे लक्षात राहत नाही त्यांनी दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत करून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी; मग चूक व्हायला जागाच राहत नाही.

हा फरकही वर्षभर तोच नसतो. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणून लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा तास मागे. पण अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक पाच तासांऐवजी चार तास असतो. या दिवसांत मुंबई–लंडन–न्यूयॉर्क असा प्रवास असेल तर मनाने केलेला हिशेब एका तासाने हमखास चुकतो. तिकिटावर एकूण प्रवासाचा अवधी छापलेला असतो, तोच धरावा.

मधुमेही प्रवाशांनी याकडे खास लक्ष द्यावे. उन्हाळ्यात लंडनला जाताना तुमचा तो दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो, परतताना साडेएकोणीस तासांचा. न्यूयॉर्कला जाताना साडेतेहतीस, येताना साडेचौदा. चोवीस तासांसाठी घेतल्या जाणाऱ्या इन्सुलिनचे वेळापत्रक या दिवशी तसेच्या तसे लागू पडत नाही. ते डॉक्टरांनीच बदलून द्यायला हवे. पण डॉक्टरांना ‘नऊ तासांचे विमान आहे’ एवढेच सांगू नये. कोल्हापूरहून निघणाऱ्याचे सात-आठ तास मुंबईपर्यंत रस्त्यात जातात, तीन-चार तास विमानतळावर, दहा तास विमानात, इमिग्रेशन आणि सामान यात तास-दीड तास, पुढे घरापर्यंत आणखी तास. दारापासून दारापर्यंत जवळजवळ चोवीस तास होतात. डॉक्टरांना हा आकडा द्यावा, सोबत निघण्याची आणि पोचण्याची वेळ भारतीय वेळेत लिहून द्यावी. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान चुकले तर औषधही जाते. चार तासांहून जास्त बसून राहिल्यास पायांतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा जागे असताना दर तासाला उठून चार पावले चालावे.

न्यायला येणाऱ्यांनीही पोचण्याची छापील वेळ ही गेटवर पोचण्याची आहे, बाहेर पडण्याची नाही, हे लक्षात ठेवावे. अमेरिकेत पुढे दुसऱ्या शहरात जायचे असेल तर साधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते, तिथेच सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. मधे तीन तास तरी हवेत. मुलांनी स्वस्तात मिळाले म्हणून दीड तासाचे जोड-विमान काढू नये. वयस्कर माणसाला तिथे धावपळ करणे जमत नाही.

शहर म्हणजे कोणता विमानतळ, हेही आता मुंबईकरांना पाहावे लागेल. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर बीओएम असेल तर सहार–सांताक्रूझ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. पुण्याहून येणाऱ्याला नवी मुंबई आधी लागते, पण पुढचे विमान सहारहून असेल तर मधला रस्ता हिशेबात धरावा लागतो. न्यूयॉर्कच्या बाबतीत जेएफके आणि नेवार्क, लंडनच्या बाबतीत हीथ्रो आणि गॅटविक असाच गोंधळ होतो.

कागदावरचे ते ७,२०० किमी निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. ब्रिटनच्या नियमात विमानाला उशीर झाल्यावर मिळणारी भरपाई नेमकी याच ताणलेल्या दोऱ्याच्या अंतरावर ठरते. अंतर ३,५०० किमीपेक्षा जास्त असेल आणि कंपनीच्या चुकीने चार तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर माणशी ५२० पौंड. ब्रिटनमधून निघणारे विमान भारतीय कंपनीचे असले तरी हा नियम लागू होतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला होत नाही. हवामान, आकाश बंद होणे अशी कारणे यातून वगळली आहेत. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अंतराऐवजी ब्लॉक टाइम धरते. पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द झाले तर एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ एकेरी भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. इथेही कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळली आहेत. दावा लिहिताना कोणता आकडा कुठे द्यायचा, हे माहीत नसल्याने अनेकांचे हक्काचे पैसे बुडतात.

आमची विनंती अशी. तक्ता जरूर छापा, पण एकच आकडा देऊ नका. मुंबई–लंडनच्या ओळीत अंतर ‘किमान ७,२०० किमी’ असे द्या, जातानाचा आणि येतानाचा ब्लॉक टाइम वेगळा द्या, कोणत्या महिन्याचा आणि कोणत्या कंपनीचा ते लिहा, आणि दोन्ही शहरांच्या वेळेतला फरक उन्हाळा-हिवाळा असा दोनदा द्या. एका ओळीच्या तीन ओळी होतील, पण वाचकाला खरी माहिती मिळेल.

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेला ०१.३० चे विमान म्हणजे १४ तारखेला रात्री साडेनऊ-दहाला विमानतळावर हजर असायचे. आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरायची रीत आहे, त्यामुळे ‘१५ च्या रात्रीचे दीड’ म्हटले की जुन्या पिढीच्या मनात १५ चा दिवस सरल्यानंतरची रात्र येते. माणसे सामान बांधून, नातेवाइकांचा निरोप घेऊन १५ ला रात्री विमानतळावर येतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. हजर न राहिल्याने तिकिटाचे बहुतेक पैसे जातात, परतीचे तिकीटही रद्द होऊ शकते. आपल्या तक्त्यात आणि प्रवास कंपन्यांच्या जाहिरातींत अशी वेळ ‘१४ आणि १५ मधील मध्यरात्र, ०१.३०’ अशी छापावी, आणि खाली ‘विमानतळावर १४ ला रात्री’ हे शब्द ठळक अक्षरांत द्यावेत.

आपले नम्र,
उड्डाण नियोजनाचे काम जाणणारे दोन वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई